दहावीसाठी केलेलं टेबल

दरवर्षी शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात मी रजा टाकते आणि घर उपसते. लालबागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या आणि माणसं पाच. मी, नवरा, सासरे आणि दोन मुली. उपसणं म्हणजे पोटमाळ्यावरचं खाली, कॉटखालचं वर, आणि मधल्या मधे सापडेल ते कचऱ्यात. झाकण हरवलेला डबा टाकायला मला विचार करावा लागत नाही. सासऱ्यांना तो कचऱ्यातून परत आणायलाही करावा लागत नाही. त्यामुळे घर दरवर्षी आवरतं, पण कमी होत नाही.

दोन वर्षांपूर्वी थोरली दहावीत जाणार होती. तिने नवं दप्तर मागितलं नाही, घड्याळ मागितलं नाही. म्हणाली, “मला रोज दोन तास टेबल पाहिजे. आणि बसले की कोणी ‘जरा उठ’ म्हणायचं नाही.”

मागणी रास्त होती. तोपर्यंत ती कॉटवर, ओट्याच्या कडेला किंवा शिलाई मशीनच्या झाकणावर अभ्यास करायची आणि दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी तिला तिथून हलवायचं. बहुतेक वेळा मीच.

मी मशीन पोटमाळ्यावर चढवलं. गावाहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाद्यांपैकी दोन शेजारी दिल्या. कपाटासमोरच्या भिंतीला तीन फुटांची जागा निघाली. खालच्या सुताराने तिथे बिजागऱ्यांवर फळी बसवून दिली. उघडली की टेबल, मिटली की भिंत. फक्त टेबल उघडं असताना कपाटाचं दार उघडत नव्हतं. मी म्हटलं, त्यात काय, वेळा ठरवू. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी थोरलीची वेळ लिहिली, संध्याकाळी सहा ते आठ, आणि कागद दारामागे लावला.

सासऱ्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि दारामागून काढून घेतला.

“ह्या काय? दिवसाचे दोनच तास? आणि बाकीचो येळ फळी मिटून ठेवतलंस?”

“हो. कपाट उघडायला नको?”

“अगो, साचो कधी रिकामो ठेवूचो नसता.”

साचा म्हणजे कापड विणायचा माग. सासऱ्यांचं सगळं नोकरीचं आयुष्य गिरणीच्या साचाखात्यात गेलं. गिरणी बंद होऊन जमाना झाला, तिच्या जागी काचेची इमारत उभी आहे, पण चालू शकणारी वस्तू बंद दिसली की ते अजून बेचैन होतात. आमचा पंखा मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही.

त्यांनी नवा कागद केला. सकाळी सात ते रात्री दहा, तीन पाळ्या, प्रत्येक पाळीचे तुकडे, तुकड्यापुढे माणूस. नवऱ्याची दाढी आणि इस्त्री. धाकटीची शुद्धलेखनाची वही. त्यांचा स्वतःचा पेपर. पाळी बदलताना पाच मिनिटं फळी मिटायची. ज्याला कपाटातून काय हवं ते त्या पाच मिनिटांत काढायचं. भोंगा धाकटी देणार. ती तोंडाने तो इतका हुबेहूब द्यायची की खालच्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ, तेही गिरणीतलेच, पहिल्या दिवशी जिन्यात येऊन उभे राहिले.

मग सासऱ्यांनी मला विचारलं, “सूनबाई, तुका खंयची येळ होई? ह्या घरात तुझी सर्व्हिस एकोणीस वर्सां. सिनियॉरिटीन् पयलो मान तुझो.”

ऑफिसातून आल्यावर भाजी निवडायची, उद्याच्या डब्यांची तयारी करायची, आणि तेही गुडघे मोडून जमिनीवर न बसता. मी म्हटलं, “सहा ते आठ.”

म्हणून गेले. खरं सांगायचं तर विचार करूनच म्हणून गेले. एकोणीस वर्षांत मला त्या घरात ‘तुला कधी सोयीचं’ हे कोणी विचारलं नव्हतं. थोरलीला चार ते सहा मिळाले. दोन तास ते दोन तास, असं मी स्वतःला समजावलं.

शाळा सुरू झाली आणि घर असं चाललं की मी थक्क झाले. दोन दिवसांत सगळ्या वह्यांना कव्हरं. गणवेश कडक. डबे वेळेवर. फक्त कपड्यांचे हाल झाले. नवरा पाच मिनिटांच्या भोंग्याला आंघोळीत होता, तर तो दिवस त्याला पोटमाळ्यावरच्या बॅगेतल्या, लग्नातल्या झब्ब्यावर काढावा लागला. ऑफिसात त्याला सगळ्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि त्याने केक आणला. उरलेल्या केकचे त्याने घरी येऊन पाच सारखे तुकडे केले. टेबलाच्या बाबतीत तो पहिल्यापासून तटस्थ होता.

तिसऱ्या दिवशी मी जरा लवकर घरी आले तर थोरली दारात उभी. पाठीला दप्तर, चेहरा लाल. आत टेबलावर शेजारच्या काकू वाल सोलत बसलेल्या.

“काय झालं?”

“आजोबांना विचार!”

सासरे कॉटवर ताठ बसले होते. “चार वाजता येवक होया. दहा मिन्टां उशिरान् इली. मी बदली लावलंय.”

बदली म्हणजे गिरणीच्या दारात रोज सकाळी उभा राहणारा कामगार. कायम माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता बदलीवाला लागायचा. मग कायम माणूस धावत आला तरी त्याला परत फिरावं लागायचं. आमच्या गॅलरीत सासऱ्यांनी त्या आठवड्यात चार बदल्या तयार ठेवल्या होत्या.

“दादरचा क्लास सुटतो पावणेचारला,” थोरली ओरडली. “मी उडत येऊ?”

“अगं बस ना माझ्या बाजूला,” काकू सालं सरकवत म्हणाल्या. “अर्धा शेर राहिलेत. तू भूमिती कर, मी वाल करते.”

“काकू, त्या फळीवर तुमचं भांडंच मावत नाही!”

“मग काय, तुझ्या आजोबांनी बोलावलं म्हणून आले. मी काय हौसेने आले?”

चौथ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा बदली. या वेळी खालचे म्हातारे गृहस्थ. त्यांच्याकडे काही कामच नव्हतं. ते दोन तास नुसते हात जोडून टेबलाशी बसले. थोरलीने गॅलरीत उभ्याने गणितं सोडवली, त्यातली निम्मी चुकली आणि ती वही तिने माझ्यासमोर उघडी टाकली.

“आई, दहावी कोणाची आहे?”

मी सासऱ्यांकडे वळले. “हे बंद करा. सरळ तिला जागा द्या.”

“अशी कशी देतलंय? ती अजून बदलीच आसा. दोनशे चाळीस दिवस भरले की कायम. नियम आसा.”

धाकटीने लगेच कॅलेंडर काढून बोटाने दिवस मोजले. ते भरत होते फेब्रुवारीत. म्हणजे बोर्डाच्या पेपरला थोडे दिवस राहिलेले असताना आमच्या मुलीला अभ्यासाला टेबल मिळणार होतं.

“बघ,” सासरे म्हणाले, “परीक्षेच्या आदीच होतली.”

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. मीच कॉटवर बसून हसले, त्याचा थोरलीला जास्त राग आला. पण ती आजोबांचीच नात. रडली नाही. त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

“आजोबा, तुम्ही किती दिवस बदली होता?”

“दिवस? सात वर्सां होतंय.”

“दोनशे चाळीस दिवसांचा नियम असून?”

“दोनशे तीस झाले की घरी बसवीत, मगे परत पयल्यापासून.”

“मग कायम कसे झालात?”

“माझ्या काकान् रिटायरमेंट घेतल्यान्. तेच्या जाग्यार माका लावलो. घरातल्या माणसान् जागा सोडली तर ती घरातल्याक मिळा.”

थोरलीने नुसती मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग सासऱ्यांनीही पाहिलं. धाकटीनेही. माझ्या हातात गवार होती, समोर उघडं टेबल होतं आणि घड्याळात साडेसहा झाले होते.

मला उत्तर द्यायला जितका वेळ लागला तितका लागायला नको होता, हे मी कबूल करते. ती जागा मला खरंच आवडली होती. उजेड होता, गुडघे दुखत नव्हते, आणि चार दिवस मला त्या दोन तासांत कोणी ‘जरा उठ’ म्हटलं नव्हतं.

“घेते रिटायरमेंट,” मी म्हटलं.

“अर्ज दी,” सासरे म्हणाले.

मी अर्ज दिला. कारण: गृहकृत्य. तो त्यांनी वाचून उशीखाली ठेवला आणि निरोप समारंभ रविवारी ठरवला, कारण एकोणीस वर्षांच्या सर्व्हिसनंतर माणसाला असंच जाऊ देत नाहीत म्हणे. मी नको म्हटलं. पण संध्याकाळपर्यंत काकूंनी शिरा करून आणला होता, चारही बदल्या धुतलेले कपडे घालून आल्या होत्या आणि नवरा पुन्हा झब्ब्यात होता. मला खुर्चीवर बसवून नारळ दिला. सासरे उभे राहिले. त्यांनी खिशातून कागद काढला, घसा साफ केला.

“आमच्या खात्यातल्या एक जुन्या, शिस्तीच्या कामगार...”

धाकटीने भोंगा दिला. सहा वाजले होते. थोरली पुस्तकं घेऊन माणसांमधून वाट काढत आली, शिऱ्याच्या बशा उचलून काकूंच्या हातात दिल्या, टेबल पुसलं आणि बसली.

“सगळ्यांनी बाहेर,” ती मान वर न करता म्हणाली.

“भाषण रवलां, गो,” सासरे म्हणाले.

“गॅलरीत करा.”

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि कागदाची घडी घालून सगळ्यांना बाहेर काढलं. माझी खुर्ची नवऱ्याने उचलली. गॅलरीत आम्ही भिंतीला लागून रांगेत उभे राहिलो आणि त्यांनी भाषण पहिल्यापासून सुरू केलं. दोन वाक्यं झाली असतील.

“आजोबा, हळू!” आतून आवाज आला.

उरलेलं भाषण त्यांनी ओठांतल्या ओठांत केलं. मी त्या घरासाठी काय काय केलं ते कोणालाच ऐकू गेलं नाही, मलाही नाही, पण कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. संपल्यावर काकूंनी टाळीसाठी हात उचलले, तर सासऱ्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मग सगळ्यांनी तळव्यावर एक एक बोट आपटून टाळ्या वाजवल्या, बराच वेळ.