हिल्ले म्हणजे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याच्यापुढे मी जन्मभर सुनांच्याच चुका मांडत आले. तुम्हाला सांगते, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही.

माझी नात जुई दिवाळीत आली होती. मोबाइलवर जपानी चित्रांची गोष्ट बघत बसायची. मी कार्टून म्हटलं की चिडायची, "आजी, अ‍ॅनिमे म्हणतात त्याले." गोष्ट एका नावाड्याची. तरुणपणी पुरात भरली नाव सोडून पळालेला, माणसं बुडालेली. म्हातारपणी तो त्याच घाटावर लोकांना फुकट पार नेतो. शेवटच्या भागात बुडालेल्यांपैकी एकाची मुलगी येते आणि त्याच्या नावेत बसते. जुई डोळे पुसत होती. मी म्हटलं, "एवढाले डोळे काढले त्याईचे, पाणी बी तेवढंच येईन." ती हसली. मग एकदम म्हणाली, "आजी, तू केलं का वं कधी असं कोणासंग?"

"नाई," मी म्हटलं. आणि शेंगा सोलत राहिले.

ती गेली. आता घरात मी, भिंतीवरची पाल — आणि तो 'नाई'.

गोष्ट पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची. धानोऱ्यापासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर आमचं गाव. स्वातंत्र्य नवं होतं आणि शाळा त्याहून नवी — म्हणजे एका घराची पडवी. मी नऊ-दहा वर्षांची. दोन वेण्या, वाहतं नाक आणि तोरा पाटलिणीचा. शाळेत मुली दोनच : मी आणि मैनी. मैनी जंगलातल्या टोल्यावरची, गोंडांच्या वस्तीतली. पोरं आमच्याशी बोलायची नाहीत, म्हणून आम्ही दोघी एकाच पोत्यावर. मी तिला मराठी शिकवायची, ती मला गोंडी. एर म्हणजे पाणी. मरा म्हणजे झाड. हिल्ले म्हणजे नाही.

गुरुजी नागपूरकडचे. त्यांना गोंडीचा गंध नव्हता. मैनी घाबरली की तिची मराठी पळून जायची, मग गुरुजी मला विचारायचे. दुभाषी म्हणायचे ते मला. मला वाटायचं, काहीतरी मोठी पदवी असणार. दोन दिवस मी आईलाही नीट उत्तर दिलं नाही.

शाळेत रंगीत चित्रांचं पुस्तक एकच होतं. त्यात एका पानावर समुद्र. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिला होता? तलावापलीकडे आमचं पाणी जात नव्हतं. मी ते पान फाडलं. काऊन? मला ते पाहिजे होतं, म्हणून. परकराच्या ओच्यात घालून घरी नेलं आणि धानाच्या ढोलीमागे लपवलं.

त्या संध्याकाळी पुस्तक पेटीत ठेवायला गुरुजींनी दिलं होतं मैनीच्या हाती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते उघडलं आणि तिला उभं केलं.

"चित्र तू फाडलं?"

"हिल्ले," मैनी म्हणाली. मान हलवली. पुन्हा म्हणाली, "हिल्ले, हिल्ले."

गुरुजी माझ्याकडे वळले. "काय म्हणते ही?"

इथे मी नेहमी थांबते. सत्तर वर्षं याच जागी थांबते आहे — जणू पुढचं अजून व्हायचंच आहे, जणू आता तरी मी वेगळं काही म्हणेन.

"हो म्हणते, गुरुजी."

"मग मान काऊन अशी हलवते?"

"त्याईच्यात हो म्हणताना अशीच हलवतात."

बघा, पोरीची अक्कल. खोटं बोलून थांबली नाही, वर त्याला झालर लावली. गुरुजींनी मानही डोलावली, काही नवीन कळल्यासारखी.

पण 'हो' हा शब्द मैनीला येत होता. मीच शिकवला होता. तिची मान हलायची थांबली. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. हातात वाळल्या भोपळ्याचा तुंबा, मधानं भरलेला. पायरीखालीच उभा राहिला आणि गोंडीत बोलला — पोरगी म्हणते तिनं केलं नाही, ती खोटं बोलत नाही. पण तुमचा कागद गेला, त्याच्याबद्दल हा मध घ्या, पोरीला मी नेतो. मला सगळं समजलं. गुरुजींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मध आणला म्हणते."

तेवढंच सांगितलं.

मैनी पुन्हा शाळेत आली नाही. गुरुजींनी प्रत्येकाच्या तळहातावर मधाचं बोट दिलं. मीही चाटलं. गोड होता. लिहिताना हात अडतो, पण गोड होता.

मग पोत्यावर मी एकटी. ऐसपैस जागा. गोंडी बोलायला कुणी उरलं नाही, हळूहळू विसरले. तीन शब्द तेवढे राहिले. ढोलीमागच्या समुद्राला पावसाळ्यात वाळवी लागली.

लग्नानंतर एकदा धानोऱ्याच्या बाजारात ती दिसली. पुढ्यात चारोळीची टोपली, शेजारी तिच्यासारखीच मुलगी. मी समोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं. आणि काय निघालं?

"चारोळी ताजी हाये का?"

"ताजीच हाये, बाई." तिनं मापून दिली. वरून एक मूठ जास्त टाकली. ओळखलं होतं का तिनं? मी विचारलं नाही. पदरात चारोळी घेतली आणि निघाले. तशीच सांडत सांडत घरी आले.

तो जपानी नावाडी रोज घाटावर जातो. मी त्या बाजारात पुन्हा गेले नाही.

गुरुजी कधीच वारले. पण त्यांनी विचारलं होतं, काय म्हणते ही.

नाही म्हणत होती, गुरुजी. चित्र मी फाडलं.