मावशींनी तेल लावलं नाही तो दिवस

महिन्यापूर्वी सुलभामावशींच्या मुलीचा फोन आला, आई गेली म्हणून. मावशी म्हणजे माझ्या लेकीला मालिश करणाऱ्या बाई. विश्रांतवाडीहून बसने सदाशिव पेठेत यायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या आणि चहा न घेताच पुढच्या घरी जायच्या. त्या चहा न घेण्यातही मला काहीतरी काळंबेरं दिसायचं. स्वभावच तसा माझा. दूधवाला हसला तरी मी दूध निरखून बघते.

लेक सात आठवड्यांची होती. एका सकाळी मावशींनी तिचा लंगोट सोडला आणि तेलाची वाटी बाजूला सारली. म्हणाल्या, "ताई, डावा पाय हलवत नाही ही. हात लावला की कळवळते. आज तेल नाही लावणार मी. डॉक्टरकडे न्या, आत्ता."

ताप नव्हता, सूजही दिसत नव्हती. मला वाटलं, काल मालिश करताना या बाईनेच पाय पिरगाळला असणार आणि आज हात झटकतेय. तसं मी तोंडावर विचारलंही. त्या "नाही" एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या. खरं सांगायचं तर मी दवाखान्यात धावले ती त्यांच्याविरुद्ध पुरावा मिळवायला.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, मग खुब्यात सुई घातली. सुईतून पू आला... रक्तातून जंतू सांध्यात शिरले होते. इतक्या लहान बाळाला कधीकधी ताप येतच नाही, म्हणाले. त्याच दुपारी ऑपरेशन करून सांधा धुतला, पुढे कित्येक दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक. तरी मी विचारलंच, मालिशमुळे झालं असेल ना?

"मालिशने पू होत नाही. आणखी दोन दिवस घरी चोळत बसला असतात, तर खुबा कायमचा गेला असता. कुणाच्या लक्षात आलं हे?"

मी म्हणाले, "माझ्या."

दोन महिन्यांनी मावशींना परत बोलावलं. साडी दिली, "माझं चुकलं" एवढं मात्र म्हणाले नाही. लेक आज आठ वर्षांची आहे, जिना पळत चढते.

परवा मावशींच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेले. त्यांची मुलगी सांगत होती, आई बाळाच्या आईला समोर बसवल्याशिवाय तेलाला हात लावायची नाही. "आधी असं नव्हतं. पेठेतल्या एका घरात काहीतरी झालं म्हणे, तेव्हापासून. कुठलं घर, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही तिने."

परत आल्यावर त्या मलाही रोज समोर बसवायच्या... मला वाटायचं, बाईंना गप्पा मारायच्या असतात.