किड्याची उजवी बाजू

झुरळ दिसलं की चितारीणबाई खुर्चीवर चढत आणि पाल दिसली की टेबलावर. आणि अशा बाईला नोकरी कुठं लागावी, तर किडेघरात! देवाला थट्टेसाठी माणसं काय थोडी आहेत? पण बाईंवर त्याचा लोभ जरा जास्तच.

आधी त्या कपबशांच्या कारखान्यात होत्या. बशीच्या काठावर फुलं रंगवायच्या. डावीकडं जशी पाकळी तशीच उजवीकडं, केसाचाही फरक नाही. मग फुलं छापणारं यंत्र आलं आणि बाईंचे हात रिकामे झाले. नवरा कंबर धरून घरी बसलेला. कुणीतरी सांगितलं, संशोधन करणाऱ्यांकडं चित्रं काढायला माणूस हवंय. बाईंना वाटलं, पानंफुलं असतील. पहिल्याच दिवशी सरांनी पुढ्यात बाटली ठेवली. स्पिरिटात नुसत्या मिशा, पाय आणि पंख. त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

सरांना मागं सगळे ढेकूणसर म्हणत, कारण त्यांचा जन्म झाडावरच्या ढेकणांत गेला होता. "हे अंथरुणातले नव्हेत हो बाई," ते समजावत, "हे पानांचा रस पितात. नातं आहे, पण लांबचं. फार मोठं घराणं आहे यांचं."

ढेकणांना घराणं! बाई मनातल्या मनात नाक मुरडत.

त्या वर्षी सर दूरच्या सदाहरित जंगलातून परतले ते पायभर जळवांचे डाग आणि एक बाटली घेऊन. बाटलीत जिऱ्याएवढे हिरवट किडे. "असा अजून कुणी पाहिलेला नाही, बाई. आपण याचं वर्णन करायचं."

आता नव्या किड्याचं वर्णन म्हणजे रंग आणि मिशा सांगून भागत नाही. खरी ओळख नराच्या शेपटाकडं. तिथं मादीला धरायला दोन आकडे असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि जातीजातीचे आकडे निराळे. म्हणून ते शेपूट कापायचं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायचं, आतलं मांस विरघळलं की उरलेलं टरफल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. खोलीभर जळक्या केसांचा आणि शिळ्या मोरीचा वास. बाई नाकाला दुहेरी रुमाल बांधत. आणि सर? ज्या चिमट्यानं शेपूट उचलायचं, त्याच चिमट्यानं बिस्किटावरची मुंगी उचलायचे, आणि बिस्कीट खायचे!

घरी सासूबाई विचारत, "सूनबाई, आज काय काढलंस?"

"किड्याचं… खालचं."

"अगं आई, जास्त विचारू नकोस, लाजेल ती," नवरा पलंगावरून म्हणे.

"लाजते कशाला? ओकारी येते मला!" बाईंनी जिऱ्याची बरणी पार वरच्या फळीवर ढकलून दिली होती. बघवतच नव्हती.

तर त्या नव्या किड्याचा डावा आकडा बाईंनी काढला. कावळ्याच्या चोचीसारखा वाकडा, टोकाला केस, केसांत पिवळा चिकट गोळा. उजवीकडं नजर वळवली, तोच टेबल हललं आणि तो गोळा जिवंत असल्यासारखा थरथरला. बाई मोरीकडं धावल्या. परत आल्या त्या ठरवूनच, पुन्हा बघायचं नाही. पारदर्शक कागद मधोमध दुमडला आणि डावी बाजू उजवीकडं गिरवली. बशांवर जन्मभर हेच केलं होतं. ढेकणाचं उजवं बघायला कोण बसलंय!

बसले होते की. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, बारीक काम दिसेना, पण बाईंचं मोठं चित्र त्यांनी उजेडात धरलं आणि ओरडलेच. "दोन्ही आकडे सारखे? बाई, नीट पाहिलंत ना?"

"हो," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"या घराण्यात कधीच सारखे नसतात हो! डावा मोठा, उजवा लहान, हा नियम! ही नवी जात नव्हे, नवी शाखाच आहे!" सरांनी सगळ्यांना चहा पाजला. आपल्या म्हाताऱ्या गुरुजींना फोन लावला. याच गुरुजींनी एकदा चारचौघांत म्हटलं होतं, हा जन्मभर दुसऱ्यांनी शोधलेले किडे पुसत बसेल. फोनवर सरांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. बाईंनी आपला चहा हळूच मोरीत ओतला.

घरी त्यांनी सगळं सांगून टाकलं. नवरा म्हणाला, "गप्प बस. ढेकूण काय कोर्टात जाणार आहे? म्हातारा खूश आहे, तुझी नोकरी शाबूत आहे."

सासूबाई म्हणाल्या, "ते चित्र पुढं सगळे खरं धरून चालणार का गं?"

"हो."

"म्हणजे उष्टं ताट झाकून पाहुण्यांपुढं ठेवल्यासारखंच की."

बाईंनी पुढ्यातलं ताट दूर सारलं. किड्याचीही इतकी किळस आली नव्हती.

सकाळी त्या सरांपुढं उभ्या राहिल्या. "सर, उजवी बाजू मी पाहिलीच नाही. कागद दुमडून गिरवली. किळस आली म्हणून."

सरांनी कप खाली ठेवला. "गुरुजींना सांगून बसलोय मी."

"माहीत आहे. निघू का मी?"

"निघता कुठं? बसा. बघा. मला दिसत नाही, तुम्ही बोला, मी लिहितो."

बाईंनी रुमाल घट्ट केला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "लहान आहे. चपटा. म्हाताऱ्याच्या अंगठ्याचं नख असतं ना, पिवळं, कडेनं मुडपलेलं, तसा."

"पुढं?"

"टोक चिरलंय. दोन काटे. एक आखूड. मधे घाण साचलीय. शी!"

"शी लिहू?"

"लिहा खुशाल!"

सर हसले, आणि हसता हसता थांबले. "दोन काटे? नक्की?"

"अहो, आता आठवडाभर जेवताना दिसणार आहेत मला ते!"

दोन काटे याच्या कुठल्याच भावाबंदाला नव्हते. नवी शाखा गेली ती गेलीच, पण जात नवी होती. सरांनी भिंतीकडं तोंड करून गुरुजींना फोन लावला. "चूक झाली. मी चित्र तपासलं नाही." पलीकडून हसण्याचा आवाज खोलीभर ऐकू आला, ओला, लांबलेला, मिटक्या मारल्यासारखा. बाईंनी काचेखालच्या शेपटाकडं पाहिलं. त्या आवाजापुढं ते बरं वाटलं.

फोन ठेवून सर म्हणाले, "तुमचं नाव देऊ या का किड्याला?"

"द्या, म्हणजे ही बाटली तुमच्या चहात ओतते."

घरी येऊन बाईंनी कोपरापर्यंत साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. आतून सासूबाईंनी हाक मारली, "सूनबाई, झालं ना तुझं चित्र? ती जिऱ्याची बरणी काढ आता खाली."

"राहू द्या तिथंच," बाई म्हणाल्या. "उद्या मादी आहे."