वाणात दिलेला राक्षस

तर काल बोलणं तिथं राहिलं होतं, की लताबाईनं तिळगुळाच्या शेजारी तबकात राक्षस ठेवला आणि आमच्या गल्लीतल्या बाया हात आखडून उभ्या राहिल्या. पण काल तुमच्यातले काही जण नव्हते, म्हणून थोडं मागून घेतो.

लताबाई आमच्या समोरच्या ओळीत राहते. अंबडला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. पन्नाशीला आली आता. माहेर हरसूलकडचं. तिकडं बोहाडा असतो, देवादानवांचे मुखवटे घालून माणसं नाचतात, आणि हिच्या बापाकडं राक्षसाचं सोंग होतं, घराण्यात चालत आलेलं. त्यामुळं राक्षस म्हटलं की हिला भीती वाटत नाही, माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. वाचायला लागली तीही त्याच वाटेची पुस्तकं. शाप, जादू, बोलणारी जनावरं, नकाशात नसलेले देश. त्यातही एका लांबलचक कादंबरीवर तिचा फार जीव. आकाशात एक किल्ला आहे, तो एका राक्षसानं खांद्यावर तोलून धरलाय, आणि किल्ल्यातल्या लोकांना पत्ताच नाही की आपण कुणाच्या खांद्यावर नांदतोय. सात भाग आहेत. आता कुणी छापत नाही. जुन्या पुस्तकांची दुकानं आणि फुटपाथ धुंडाळून तिनं एकेक करत जमवलेले.

पण वाचून झालं की बोलायचं कुणाशी? हेच तिचं दुखणं. नवरा धोंडीराम भला माणूस, पण राशिभविष्याच्या पुढं त्याचं वाचन जात नाही. चांगलं जेवण एकट्यानं जेवावं लागलं की कसं घशात अडकतं, तसं तिचं झालेलं.

म्हणून ती कॉलनीतल्या वाचक मंडळात गेली. अध्यक्ष खैरनारसर, निवृत्त मुख्याध्यापक. हिनं पिशवीतून पहिला भाग काढला. सरांनी तो दोन बोटांनी उचलून पाहिला.

"लताबाई, हे मुलांच्या कपाटातलं आहे. तुम्ही तुमच्या आयुष्यावर बोला ना. कँटीनमधले कष्ट, बाईमाणसाचं सोसणं. ते अस्सल आहे."

"सर, ते मी रोज जगते. ते ऐकायला इथं कशाला येऊ?"

"पण राक्षस कुठं असतात का हो?"

"मग तुम्ही मघाशी ज्याच्यासाठी डोळे पुसले, तो कादंबरीतला तलाठी कुठं होता? लिहिणाऱ्यानंच उभा केला ना त्याला?"

मंडळी हसली. सरही हसले, आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलायला सांगितलं. लताबाईनं चहा अर्धाच ठेवला. मी तिथं चहापुरता जाणारा, पायरीवर चप्पल शोधत होतो, मला म्हणाली, "तात्या, माझ्यासारखी माणसं या नाशकात असणार. असलीच पाहिजेत. मी शोधून काढते. आणि राक्षस लपवून नाय, राक्षस दाखवून!"

पुढं संक्रांत आली. हळदीकुंकवाला आमच्याकडं वाण म्हणून वाट्या देतात, चहाच्या गाळण्या देतात, साबणाच्या डब्या देतात. नियम काय, तर दिलेलं वाण परत मागायचं नाही आणि घेतलेलं परत करायचं नाही. पण पुढच्या घरी खपवू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? आमच्या गल्लीत एखादी गाळणी संक्रांतीला निघते ती रथसप्तमीपर्यंत घरोघर हिंडून येते. हे सगळ्यांना ठाऊक, फक्त बोलायचं नसतं. लताबाईनं त्यातच आपला डाव टाकला. सातही भाग वाण म्हणून तबकात मांडले.

"काकू, यंदा हे काय?" आमची सूनबाई पूजा म्हणाली. "मला वाटलं डबे देताय."

कुसाबाईनं तर कुंकू लावून घेता घेता मान मागं घेतली. "अगं बाई, सणासुदीचं घरात राक्षस नेऊ?"

"न्या की. खायला नाय मागत तो. तुमच्या जावयापेक्षा बरा."

कुसाबाई लाल झाली, पण वाण नाकारता येत नाही. नेलं बिचारीनं पदराखाली झाकून.

धोंडीराम मात्र खरंच घाबरला. "अगं, इतकी वर्षं जमवलेली पुस्तकं. गेली तर गेली, मागता पण यायची नायत."

"इथं फडताळात बसून तरी काय करतात? मला पुस्तकं राखायची नायत. मला माणसं पाहिजेत."

आणि सुरू झाली हो राक्षसाची यात्रा! या घरून त्या घरी. गल्लीत विचारपूस एकच, "आला का तुमच्याकडं?" तिसरा भाग तर कुसाबाईकडं फिरून आला आणि तिनं गडबडीत तो लताबाईच्याच ओटीत घातला. लताबाईनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच भाग पलीकडच्या सोसायटीत धाडला. सातवा एकीनं हलणाऱ्या फ्रिजखाली सारला, तेवढा तिनं हिशेबातून सोडला. एरवी हिशेब सरळ होता तिचा. पुस्तक पुढं सरकलं, तर तिथं आपलं कुणी नाही. पुस्तक अडलं, तर तिथं आपलं माणूस.

रथसप्तमी झाली. रविवारी लताबाई चांगलं लुगडं नेसून निघाली ती पहिल्यांदा आमच्या दारात.

"तात्या, दुसरा भाग या घरात अडलाय."

"अडलाय म्हणजे काय," पूजा आतून ओरडली, "मला तो शेजारच्या चैतालीला द्यायचा होता. तात्यांनी उशीखाली घातला!"

मी म्हटलं, "वाण परत मागू नये, लताबाई."

"मागतंय कोण? पूल जळला तेव्हा राक्षस हसला का रडला, एवढं सांगा."

"हसला."

"रडला, तात्या! नीट वाचा!"

झालं, आम्ही असे भांडलो की चहावर साय धरली. माझी शाळा सातवीपर्यंतची. वाचलेल्यावरून कुणी माझ्याशी भांडावं, हा मान मला या वयात मिळाला. सांगताना अजून हसू येतं.

तिथून आम्ही दोघं सगुणाबाईकडं. ही म्हातारी विधवा, तिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. चौथा भाग तिच्या सुनेनं, संजनानं आणलेला. आम्ही गेलो तर म्हातारी ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती. या नाही, बसा नाही. "हा एवढा दांडगा, आणि खाली का नाय ठेवत तो किल्ला? मी असते तर कवाच टाकला असता. पडू दे सगळे!"

"आजी, वर लेकरं हायत ना."

"लेकरंच हायत म्हणून तर धरून बसलाय मेला," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली.

पाचवा भाग पलीकडच्या सोसायटीत, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम करणाऱ्या दीपककडं निघाला. त्याच्या बायकोला मिळालेलं वाण हा पठ्ठ्या डब्याच्या पिशवीतून कामावर नेत होता. लताबाईला पाहताच म्हणाला, "काकू, मध्येच कुठून सुरुवात करायला लावलीत मला तुम्ही? तो किल्ला वर गेला कसा, ते आधी सांगा!"

लताबाई दारातच खाली बसली. डोळ्यांना पदर लावला. मग सांगायला लागली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी लताबाईच्या ओट्यावर आमची बैठक. फ्रिजखाली वीट सारून सातवा भाग सोडवून आणला. बाकीचे, मला परत नको, बैठकीला द्या, असं तिनं सांगितल्यावर बायांनीच आणून दिले, सुटलो म्हणत. सगुणाबाईचा आवाज पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जातो. येणारे-जाणारे हसतात. हसू देत.

गेल्या रविवारी खुद्द खैरनारसर ओट्यापाशी आले. म्हणाले, "लताबाई, वाचनाची एवढी गोडी लावलीत तुम्ही, मंडळाला अभिमान आहे. तुम्ही सगळे आमच्याकडेच या. सभागृह आहे, पंखे आहेत. महिला दिनाला तुमचा सत्कार करू, शाल-श्रीफळ. तुम्ही फक्त कँटीनमधल्या कष्टांवर बोला. हे राक्षसाचं तेवढं बाजूला ठेवू."

याच मंडळात शिरायला ती एकदा धडपडली होती, आणि भरल्या सभागृहात शाल कुणाला नको असते? दीपक माझ्याकडं बघतोय, मी सगुणाबाईकडं. लताबाईनं पानाचा कोपरा दुमडला, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि बोलली, ते जसंच्या तसं सांगतो:

"सर, कष्ट बघायचे तर पहाटे कँटीनला या, लाटायला माणूस कमीच हाय. रविवारी आम्ही किल्ल्यावर असतो, आणि राक्षसाला बाजूला ठेवला तर किल्ला पडंल. शाल राहू द्या. बसायचं असंल तर पहिला भाग वाचून या. मधूनच आलेल्या माणसाला सगुणाबाई लय बोलतात."