बेसिनमधली पिवळी पावडर

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. एका दुपारी पदार्थविज्ञानाचे सर हातात झेरॉक्स नाचवत आमच्या लॅबमध्ये घुसले.

"तुमची मुलं द्रावणातलं ॲल्युमिनियम मोजतात, तेव्हा पिवळी पावडर मिळते ना? तिचं पुढे काय करता?"

"वजन करतो. मग बेसिनमध्ये."

"अहो, बंद करा ते! परदेशात त्याच पावडरीचा पातळ थर काचेवर चढवलाय. वीज सोडली की हिरवा उजेड! उद्या टीव्ही कॅलेंडरसारखा भिंतीला टांगतील!"

आमच्या टीव्हीवर चित्र यायला तेव्हा कौलांवर चढून अँटेना फिरवावा लागे. मी नुसती मान डोलावली. पण इतकी वर्षं आपण उजेड नळाखाली धुऊन टाकतोय, हे डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून पावडर बाटलीत साठवू लागलो.

थर चढवायला लागणारा व्हॅक्यूम पंप सरांनी मुंबईहून उसना आणला होता. तो शनिवारी परत जायचा होता. श्रावणातल्या ओल्या हवेने पाच काचा खाल्ल्या. पंपाच्या हंडीतून बाहेर काढली की काचेवर काळे डाग. सहावी शेवटची. तेव्हा मला चुनाभट्टीवरचा शिंपल्यांचा चुना आठवला. ताजा असला की तो हवेतली ओल पिऊन घेतो. बरणीत चुन्याचे खडे, त्यांवर काच, तारा बाहेर, झाकणाला मेण.

"खडे अखंड आहेत तोवर काच जिवंत," सर म्हणाले. "त्यांचं पीठ झालं की संपलं."

इतक्यात प्राचार्यांना बातमी लागली. त्यांनी खेडहून प्रमुख पाहुणे बोलावले, शाल आणि नारळ आणवले, खिडक्या बुजवून केलेल्या आमच्या डार्करूमच्या दाराला फीत बांधली. हुकूम एकच: पाहुणे येईपर्यंत बटण दाबायचं नाही.

शुक्रवारी अकराला येणारे पाहुणे एक वाजला तरी आले नव्हते. आम्ही फितीखालून वाकून आत गेलो: सर, मी आणि लॅबचा शिपाई. टॉर्च मारला. मेणाला कुठेतरी फट राहिली असावी. खडे फुटू लागले होते.

"काय करू?" सरांनी विचारलं. समारंभ त्यांच्याच नावाचा होता.

"दाबा."

दाबलं. नखाएवढा हिरवा चौकोन उजळला. मी सेकंद मोजत होतो, तेविसाच्या पुढचे आकडे विसरलो. सरांनी माझा दंड असा धरला होता की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होते.

"एवढ्याशासाठी खिडक्या बुजवलाव?" शिपाई म्हणाला आणि बरणीला नाक लावून तिथेच बसला. चौकोन विझला तरी उठेना.

पाहुणे दोनला आले. फीत कापली, सरांनी बटण दाबलं, काळोख तसाच राहिला. पाहुण्यांनी त्या काळोखाकडे पाहून कोकणाच्या उज्ज्वल भविष्यावर वीस मिनिटं भाषण केलं. सगळ्यांत जोरात टाळ्या आम्ही तिघांनी वाजवल्या.