आईचा डोळा आणि चिमूटभर ज्वारी

आईपुढं मी हात टेकले होते. तिचा उजवा डोळा लहानपणीच पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी घुसून गेलेला. राहिलेल्या डाव्यात मोतीबिंदू इतका पिकला की तिला फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. आदिलाबादचा डॉक्टर सरळ माणूस. म्हणाला, ऑपरेशन करू, पण मोतीबिंदूच्या मागचा पडदा चांगला आहे का खराब, ते आत्ता समजत नाही; किती दिसेल, सांगता येत नाही. झालं! आईनं नेमकं तेवढंच धरून ठेवलं.

पुढं महिनाभर तिनं माझं डोकं खाल्लं. शेजारणीला विचार, मावशीच्या नणंदेला फोन लाव, दारावरच्या भाजीवालीलाही सोडलं नाही. आणि लोक तरी काय! कोणी छातीठोक सांगे, लख्ख दिसेल. कोणी म्हणे, आहे तेही जाईल. डॉक्टरला जे माहीत नाही ते यांना बरं माहीत! एवढ्यावरही भागलं नाही की ज्वारी. कोठीतून चिमूटभर काढायची, बोटांनी चाचपत दोन-दोन दाणे लावायचे. सगळ्या जोड्या लागल्या तर जायचं, एक दाणा उरला तर नाही. दाणा उरला की बाईसाहेब खूश. जोड्या लागल्या की म्हणायची, चिमूट नीट आली नव्हती. मी शाळेत गणित शिकवतो हो. माझ्या जिवाचं काय होत असेल!

एका संध्याकाळी शाळेतून आलो, तर पुन्हा दाणे मांडलेले. माझं टाळकंच सरकलं. ओरडलो, दिसतच नाही तर जाणार काय आहे तुझं?

ती हळूच म्हणाली, "तू दारात उभा राह्यला का उजेड झाकते. मले समजते, तू आला. तेवढं बी गेलं तर?"

मग म्हणाली, "आता तूच सांग. तू म्हणशीन तसं."

घ्या! महिनाभर चल-चल करणारा मीच, आणि आता डॉक्टरला फोन लावायचा तर बोट पुढं जाईना. मला स्वतःचाच राग आला. आई अंगणात गेली, तसा कोठीपाशी गेलो. चिमूटभर ज्वारी काढली आणि फरशीवर दोन-दोन दाणे लावले. सगळ्या जोड्या लागल्या.

मी ते दाणे गोळा करून कोठीत टाकले आणि दुसरी चिमूट घेतली.