दहावीच्या प्रयोगवहीवर माझी सही चालत नाही

गेल्या गुरुवारी मी शाळेच्या लॅबमध्ये दहावीच्या प्रयोगवह्या तपासत बसले होते. मुख्याध्यापक आले आणि जरा अवघडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तपासा, पण सही करू नका. सही दळवी सर करतील."

दळवी सर हिंदी शिकवतात.

आमची शाळा कामशेतहून पवनेकडे जाताना लागते. विज्ञानाची जागा रिकामी होती आणि कंपनी बंद झाल्यामुळे मी लोणावळ्यात घरी बसले होते, म्हणून जूनपासून तासिकेवर शिकवायला जाते. एम.एस्सी. केमिस्ट्री, औषधांच्या कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये बावीस वर्षं... माझी सही झाल्याशिवाय एक गोळी गेटबाहेर जात नसे.

पण बी.एड. नाही. त्यामुळे मान्यता नाही, आणि मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवला एवढं लिहिलेल्या वहीवरसुद्धा माझी सही चालत नाही.

मुख्याध्यापक माणूस भला आहे. म्हणाले, "यंदा बी.एड.ला प्रवेश घ्या, मी संस्थेशी बोलून तुम्हाला ठेवतो. नाहीतर जूनमध्ये मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मला राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी धुतलेली भांडीही पुन्हा घासली. नवरा म्हणाला, "दोनच वर्षं तर आहेत, करून टाक"... जसं काही इडलीचं पीठच भिजवायचंय!

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी आता चोविशीतल्या मुलींबरोबर बसून फळ्यावर तारीख कुठे लिहायची ते शिकू? मी ठरवून टाकलं, फॉर्म भरायचा नाही. ठरवलं खरं, पण झोप काही धड लागेना. दिवसातून चार वेळा ती फॉर्मची साइट उघडायची आणि बंद करायची... असं चाललं होतं.

सोमवारी शाळेत गेले तर वह्यांचा गठ्ठा तसाच. एकाही वहीवर सही नाही. मी दळवी सरांना जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "सर, नुसती सही तर करायची होती."

"मॅडम, सही माझी हाय ना? मग पोरांना इचारल्याबिगर कशी करू?"

तर या गृहस्थांनी आपल्या ऑफ तासाला एकेका मुलाला बोलावलं होतं. "मला यातलं काय बी कळत न्हाई, तूच समजावून सांग," म्हणायचे. मुलांनी इतकं छान सांगितलं की आता आपल्यालाही निम्मे प्रयोग येतात, असं ते हसत म्हणाले. मी मनातून फुलले... खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी गठ्ठ्याखालून चार वह्या काढल्या. "ह्या चौघी वरच्या वाडीच्या. अक्षर बघा, मोत्यावानी. पर एकीनंबी परीक्षानळी हातात धरलेली न्हाई. सगळं दुसरीच्या वहीतनं उतरवलंय."

मला आधी पटेना. मग आठवलं... सिल्व्हर नायट्रेटची एकच बाटली आहे आणि ते महाग असतं. ज्यांचा हात स्थिर त्यांनाच मी ती द्यायचे. या चौघी डोंगर उतरून चालत येतात, उशीर होतो, टेबलाभोवती गर्दी झालेली असते. त्या मागे उभ्या राहायच्या आणि मी त्यांना शहाण्या, शांत मुली म्हणायचे.

कंपनीत हेच बरोबर होतं. ज्याच्या हातून चूक होईल त्याला मशीनजवळ येऊ द्यायचं नाही, नाहीतर बॅच वाया जाते. शाळेत नेमकं त्यालाच पुढे बोलवायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी जरा खोचकपणे विचारलं, "हे बी.एड.मध्ये शिकवतात का?"

"छ्या, एवढं कुटं शिकवत्यात!" सर म्हणाले. "पर आमी पाठ घ्यायचो तवा एक मास्तर मागं बसायचे. तास संपला की इचारायचे, कोपऱ्यातल्या पोराचं नाव काय?"

मला त्या चौघींपैकी दोघींचीच नावं येत होती. जून ते फेब्रुवारी... आणि दोघींचीच!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर चौघींना लॅबमध्ये बसवलं. सुगंधाचा हात एवढा थरथरत होता की चार थेंबांच्या जागी निम्मी नळी भरली. मी बाटली काढून घ्यायला पुढे झाले आणि कशीबशी थांबले. नळीत पिवळा साका आला आणि ती ओरडली, "आयोडाइड हाय ह्ये!" वहीत तिनं हेच आधीच सुरेख अक्षरात लिहिलं होतं.

निघताना ती म्हणाली, "मॅडम, आमच्या वाडीतल्या तिघीजणी पुढच्या साली दहावीला येत्यात. त्यांना तुमीच असाल ना?"

मी काहीतरी सामान काढायचं निमित्त करून कपाटाकडे वळले.

त्याच संध्याकाळी फॉर्म भरला. नियमावरचा राग गेलेला नाही. ज्याला विषय येतो त्याला आधी वर्गात घ्या आणि शिकवता शिकवता शिकू द्या, दोन वर्षं दाराबाहेर का उभं करता, हे मी भांडून सांगेन. पण बावीस वर्षं मी दुसऱ्यांचं काम तपासलं, आणि माझं काम तपासलं ते एका हिंदीच्या सरांनी... त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

सुगंधाला मात्र मी अजून 'हो' म्हटलेलं नाही. प्रवेश मिळेपर्यंत म्हणवणारही नाही.